पाच रिकाम्या चौकटी

तहसील कचेरीत अव्वल कारकून म्हणून माझी एकोणीस वर्षं गेली. फेरफार, वारसनोंदी, दाखले, तारखा. एखाद्याची एक मुदत हुकली की पुढे त्याची काय परवड होते, ते मी रोज टेबलापलीकडून बघतो. तरीही डिसेंबर २०२२ मधल्या त्या रात्री, धाकट्या बहिणीच्या बाळंतपणात, मी जवळजवळ तेरा तास दवाखान्याच्या बाकड्यावर बसून काढले आणि एकाही कागदाकडे नजर टाकली नाही.

हा घटनाक्रम मागाहून जुळवला आहे. फोनमधल्या कॉलच्या वेळा, केसपेपर, आईला आठवतं ते आणि बहिणीला आठवतं ते, असं समोरासमोर ठेवून. दवाखान्याचं आणि डॉक्टरांचं नाव देत नाही, प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. ज्यांच्या घरी अशी रात्र होऊन गेली आहे आणि आता करायचं काय हे कळत नाही, त्यांच्यासाठी लिहितो आहे.

दुपारी ३.४० (जन्माला १२ तास ४२ मिनिटं)

पहिलटकरीण, म्हणून सातव्या महिन्यातच माहेरी आणलेली. एकोणचाळीस आठवडे भरलेले. सकाळपासून थोडं थोडं पाणी जात होतं. डॉक्टर मॅडमनी तपासलं, पोटाला पट्टे बांधून वीस मिनिटं एनएसटी, म्हणजे ठोक्यांचा आलेख, काढली. बाळाचे ठोके १४० च्या आसपास. "बाळ एकदम छान आहे," त्या म्हणाल्या, आणि ते खरं होतं. पुढच्या सगळ्या प्रकरणात ही पहिली पट्टी फार महत्त्वाची ठरली, कारण दवाखान्याच्या दारात आलं तेव्हा बाळ ठणठणीत होतं हे त्यांच्याच मशीनने छापून ठेवलं होतं.

दाजींनी संमतीपत्रावर सही केली. छापील अर्ज, अर्ध्या जागा कोऱ्या. बहीण शेजारी बसली होती, पूर्ण शुद्धीवर, बी.एस्सी. झालेली. तिच्यापुढे कुणी कागद धरला नाही. सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या रुग्णाची संमती तिची स्वतःचीच लागते, नवऱ्याची किंवा आईची चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्येच स्पष्ट केलं आहे. दहा हजार अनामत भरली. "पावती डिस्चार्जच्या वेळी देऊ." आम्ही बरं म्हणालो.

सायंकाळी ६.१५ (१० तास ७ मिनिटं)

कळा जोर धरत नव्हत्या म्हणून कळांचं सलाइन लावलं. ऑक्सिटोसिन. नेहमीचं औषध आहे आणि ते दिलं यात काही चूक नाही.

पण ते कसं काम करतं ते समजून घ्यायला हवं, कारण सगळं प्रकरण तिथे अडकलं आहे. कळ आली की गर्भाशय आवळतं आणि तेवढा वेळ वारेतून बाळाकडे जाणारं रक्त कमी होतं. कळ ओसरली की पोट सैल पडतं आणि बाळाला पुन्हा पुरेसा ऑक्सिजन मिळतो. दोन कळांमधली ही सैल वेळ हाच बाळाचा श्वास. सलाइनचे थेंब जास्त झाले, दहा मिनिटांत पाचापेक्षा जास्त कळा येऊ लागल्या, तर ही वेळ आकसत जाते. म्हणून कळांचं सलाइन चालू असलेल्या बाईच्या पोटावर माणसाचा हात लागतो आणि ठोके पुन्हा पुन्हा मोजावे लागतात. बाळ त्रासात दिसलं की पहिलं काम म्हणजे सलाइन बंद करणं.

रात्री ९.३० (६ तास ५२ मिनिटं)

मॅडम राउंडला आल्या. पिशवीचं तोंड पाच सेंटिमीटर उघडलं होतं. पार्टोग्राफ सुरू झाला. एका पानाचा तक्ता असतो. वरच्या भागात बाळाचे ठोके, दर अर्ध्या तासाला एक चौकट. त्याखाली पाण्याचा रंग, मग पिशवीचं तोंड किती उघडलं ती चढती रेघ, खाली कळा, सलाइनचे थेंब, आईची नाडी. ठोके ११० ते १६० मध्ये असले तर ठीक. बाळंतपण वाटेवर आहे की आडवाटेला लागलंय हे त्या एका पानावर नजर टाकली की कळावं, यासाठीच तो बनवलेला आहे.

"दोन-अडीचपर्यंत मोकळी होईल. काही वाटलं तर फोन करा," असं सिस्टरला सांगून मॅडम घरी गेल्या.

रात्री ११.४० (४ तास ४२ मिनिटं)

आईने बहिणीखालचं फडकं बदललं आणि ते घेऊन ती बाहेर माझ्याकडे आली. ट्यूबलाइटखाली धरून दाखवलं. जुन्या पातळाचं फडकं, पांढऱ्यावर निळी फुलं, आणि मधोमध ओला हिरवट डाग, शेवाळासारखा. "बाळानं आत शी केलीय," आई म्हणाली. माझी आजी गावात सुईणपण करायची, तिच्या हाताखाली आईने हे पाहिलेलं होतं.

बाळाने पोटात शी केली की प्रत्येक वेळी धोका असतो असं नाही. पण तिथून पुढे डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. आईने सिस्टरला फडकं दाखवलं. ती पोरगी बावीस-तेवीसची असेल. लेबर रूमही तिच्याकडे आणि वरच्या मजल्यावरच्या नऊ बाया आणि त्यांची बाळंही तिच्याकडेच. "होतं मावशी असं, मॅडमना सांगते," म्हणाली आणि वर गेली.

हिरव्या पाण्याचा उल्लेख केसपेपरवर पहिल्यांदा येतो तो बाळ जन्मल्यावर. माझा त्या मुलीवर राग नाही. एका माणसाला दोन मजल्यांवर एकाच वेळी उभं राहायला लावलं, ती जबाबदारी दवाखान्याची. कायदाही तसंच मानतो. नोकराच्या कामातल्या हयगयीला मालक जबाबदार.

रात्री १.१० (३ तास १२ मिनिटं)

ठोके १३२. पार्टोग्राफवरची ही शेवटची नोंद.

रात्री १.१० ते पहाटे ३.५०

सिस्टरच्या मोबाइलला रेंज नव्हती. तिने दाजींच्या फोनवरून मॅडमना तीन कॉल केले. १.२६, २.३४, ३.१८. पहिला दोन मिनिटं अकरा सेकंदांचा. बाहेर ऐकू आलं ते इतकंच, की "सलाइन चालूच ठेवू ना?" आणि "बरं, मॅडम."

आतून बहिणीचा आवाज येत होता. मग येईनासा झाला. मी दाजींना म्हणालो, थोडी झोप लागली असेल.

पहाटे ३.५० (३२ मिनिटं)

मॅडम आल्या. मिनिटभरात दार उघडून आयाला हाक मारली. ठोके ८०.

वरच्या मजल्यावर ऑपरेशन थिएटर होतं. भूल देणारे डॉक्टर बाहेरून बोलवायचे आणि यायला त्यांना चाळीस मिनिटं. तातडीचं सिझेरियन ठरल्यापासून तीस मिनिटांत बाळ बाहेर यावं असा मापदंड सगळीकडे धरतात. तो प्रत्येक वेळी पाळता येत नाही हे न्यायालयंही जाणतात. पण १.२६ च्या पहिल्या फोनला भूलतज्ज्ञांना निरोप गेला असता तर ते दोन-सव्वादोनला दारात असते.

डोकं खाली आलं होतं म्हणून व्हॅक्यूम लावायचं ठरलं. आयाने दोन्ही हातांनी पोटावर वरून जोर दिला. असा जोर देऊ नये असं जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेलं आहे. आपल्याकडे सर्रास देतात.

पहाटे ४.२२

मुलगा. २ किलो ९०० ग्रॅम. रडला नाही.

एका मिनिटाला अपगार २, पाचव्या मिनिटाला ४. दहापैकी. तो आकडा म्हणजे नवजात बाळाच्या प्रकृतीचे गुण, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी फक्त दारापाशी उभा राहून रडण्याची वाट बघत होतो. आईने मुठीत धरलेला साखरेचा पुडा तसाच होता.

पहाटे ४.५८

जिल्ह्याच्या ठिकाणच्या एनआयसीयूत फोन लावला. तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी विचारलं, "बाळंतपणाचे पेपर आहेत का? फोटो पाठवा, म्हणजे मी तयारीत राहतो." टेबलावर फाइल उघडीच होती. दाजींनी चार पानांचे फोटो काढून पाठवले. एक पान पार्टोग्राफचं.

१.४०, २.१०, २.४०, ३.१०, ३.४०. पाच चौकटी रिकाम्या.

तेव्हा आमच्यापैकी कुणीही तो फोटो डोळ्यांनी वाचला नव्हता.

सकाळी ७.०५ (जन्मानंतर २ तास ४३ मिनिटं)

१०८ ची गाडी एनआयसीयूच्या दारात पोहोचली तोवर बाळाला एकदा झटका येऊन गेला होता. इकडे आमच्या गावातले चार-पाच मित्र दवाखान्याबाहेर जमले. काचा फोडू म्हणाले. मी त्यांना हात जोडून परत पाठवलं आणि त्या दिवशी मी नीट केलेलं ते एकच काम. रुग्णालयावर हल्ला हा महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याने दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. एक काच फुटली असती तरी आम्ही फिर्यादीचे आरोपी झालो असतो, आणि फाइल आणखी चार दिवस त्यांच्याच कपाटात बिनधास्त राहिली असती.

पहिले ७२ तास

इथे मी चुकलो.

इंडोर केसपेपरची प्रत रुग्णाने किंवा त्याच्या माणसाने मागितली तर ती ७२ तासांत द्यायची, हा डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारनियमांतला २००२ पासूनचा नियम आहे. ही कागदपत्रं किमान तीन वर्षं जपायचीही असतात. केसपेपर गोपनीय म्हणून रुग्णालयाला रुग्णापासून ते लपवता येणार नाहीत, असं मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितलं आहे. नर्सिंग होमला रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं महाराष्ट्राच्या २०२१ च्या सुधारित नियमांनी बंधनकारक केलं.

मी मात्र तोंडी मागत राहिलो. "मॅडम बाहेरगावी आहेत." "झेरॉक्सवाला बंद आहे." "बाळ कसं आहे आधी सांगा." माझ्या टेबलावर कुणी तोंडी नक्कल मागितली तर मी त्याला अर्ज आणायला सांगतो. एक पानी अर्ज, दोन प्रती, दुसऱ्या प्रतीवर पोच, तारीख आणि शिक्का. पोच देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवायचा. हे मला झोपेत विचारलं तरी सांगता येतं. अर्ज केला तो एकतिसाव्या दिवशी. अर्जानंतर पाचव्या दिवशी प्रत मिळाली.

काय काय मागायचं तेही लिहितो. पूर्ण इंडोर फाइल, पार्टोग्राफ, एनएसटीच्या मूळ पट्ट्या, नर्सच्या नोंदी, औषधांचा तक्ता, लेबर रूम रजिस्टरचा त्या दिवसाचा उतारा, संमतीपत्र, बाळाची नोंद, रेफर चिठ्ठी, बिलं. नुसतं डिस्चार्ज कार्ड मिळालं म्हणजे कागद मिळाले असं नाही.

छत्तिसावा दिवस

प्रत घेऊन घरी आलो. रात्री जेवणं झाल्यावर दाजींनी सहज फोनमधला फोटो उघडला आणि दोन्ही शेजारी ठेवले.

नव्या प्रतीत पाचही चौकटी भरलेल्या होत्या. १३८, १४०, १३८, १४२, १४०.

दाजी काही बोलले नाहीत. फोन उचलून त्यांनी तो फोटो तीन जणांना पाठवला, जपून ठेवायला.

तो मोबाइल त्यांनी आजतागायत विकलेला नाही, काच फुटली तरी. मूळ फोटो त्यात आहे, त्याची वेळ आहे. इलेक्ट्रॉनिक पुरावा दाखल करताना सोबत प्रमाणपत्र लागतं, पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम ६५ ब खाली, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली. आयोगाचं कामकाज दिवाणी न्यायालयाइतकं काटेकोर नसतं, तरी आमच्या वकिलांनी ते जोडलंच.

पहिलं वर्ष

दहाव्या दिवशीच्या एमआरआयमध्ये मेंदूच्या आतल्या गाभ्यात इजा दिसली. सात महिन्यांपर्यंत मान धरली नव्हती. वर्षाच्या आत निदान झालं, सेरेब्रल पाल्सी.

एक गोष्ट इथे प्रामाणिकपणे सांगायला हवी. सेरेब्रल पाल्सी असलेलं प्रत्येक मूल बाळंतपणातल्या चुकीमुळे तसं झालेलं नसतं. बहुतेकांमध्ये कारण गर्भातलं, अपुऱ्या दिवसांचं, जंतुसंसर्गाचं किंवा जनुकीय असतं. आणि वाईट घडलं म्हणजे हयगय झाली, असं कायदा मानत नाही. त्या जागी सर्वसाधारण कौशल्याचा जबाबदार डॉक्टर जसा वागला असता तसं वागणं झालं का, हा प्रश्न. आणि दुसरा तितकाच अवघड, की झालेली इजा त्याच हयगयीतून आली का. आम्ही स्वतःला हे महिनोन्‌महिने विचारलं. मग परजिल्ह्यातल्या एका निवृत्त प्राध्यापक स्त्रीरोगतज्ज्ञांनी सगळे कागद वाचून लेखी मत दिलं. हिरवं पाणी दिसूनही कळांचं सलाइन चालू, दोन तास चाळीस मिनिटं ठोक्यांची नोंद नाही, आणि एमआरआयमधली इजा शेवटच्या तासांतल्या गुदमरण्याशी जुळणारी. आमच्या तालुक्यात असं मत द्यायला कुणी तयार नव्हतं. तज्ज्ञाचं मत प्रत्येक प्रकरणात लागतंच असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये म्हटलं आहे. पोटात कापसाचा बोळा राहिला असेल तर गोष्ट स्वतःच बोलते. बाळंतपणाच्या प्रकरणात मात्र मत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये असं मी सांगेन.

अठरावा महिना

दवाखान्याकडून निरोप. मध्यस्थ घरी आले, शंभराचा स्टॅम्प पेपर टाइप करून आणलेला. दोन लाख रुपये, आणि "आमची व बाळाची कोणतीही तक्रार नाही व राहणार नाही."

सातबारावर मी हजार वेळा "अ.पा.क." लिहिलं असेल, अज्ञान पालनकर्ता. म्हणजे मालक लहान आहे, त्याच्या वतीने सांभाळणारा दुसरा आहे, आणि सांभाळणाऱ्याला मालकाचं हवं तसं देऊन टाकता येत नाही. त्या स्टॅम्प पेपरवर माझा भाचा तोच अज्ञान होता. दावा चालू असताना न्यायालयाच्या परवानगीशिवाय अज्ञानाच्या वतीने तडजोड करता येत नाही, असं दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे. बहिणीने कागद वाचला, घडी घातली आणि पाहुण्यांना चहा दिला. सही केली नाही.

विसावा महिना: वाटा कोणकोणत्या

पोलीस. भाचा जिवंत आहे, त्यामुळे तेव्हाचं भारतीय दंड विधानाचं कलम ३३८, आजच्या भारतीय न्याय संहितेत कलम १२५. पण डॉक्टरांवर फौजदारी खटल्यासाठी हयगय अगदी ढोबळ, अक्षम्य लागते, पोलिसांनी आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यायचं असतं आणि सरसकट अटक करायची नसते, हे २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाने घालून दिलेलं आहे. शिवाय त्यातून मुलाच्या फिजिओथेरपीला एक रुपया मिळत नाही. आम्ही ती वाट धरली नाही. कागदात खाडाखोड झालेल्या प्रकरणात दुसऱ्या कुणी धरली तर मी त्याला चूक म्हणणार नाही.

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल. डॉक्टरांची नोंदणी काही काळ निलंबित करण्याचा अधिकार तिला आहे, भरपाई देण्याचा नाही. आम्ही तिथे तक्रार केली.

दिवाणी दावा. कोर्ट फी आणि वर्षं, दोन्ही जास्त. पण एक आधार मोठा आहे. मुदतीच्या कायद्याच्या कलम ६ मुळे अज्ञानाच्या स्वतःच्या दाव्याची मुदत तो सज्ञान होईपर्यंत अंगावर येत नाही. ज्यांची बाकी सगळी दारं उशिरामुळे बंद झाली आहेत त्यांनी वकिलाला हे नक्की विचारावं.

सरकारी रुग्णालयात, जिथे सगळ्यांनाच सेवा मोफत मिळते, तिथे ग्राहक कायदा लागू होत नाही. काहींकडून पैसे घेतले जात असतील तर मोफत उपचार घेतलेल्यालाही तो लागू होतो. हे १९९५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशनच्या प्रकरणात ठरलं. म्हणून सरकारी दवाखान्यात काही करता येत नाही हे खरं नाही. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात १९६३ च्या जुलैत एक बाई बाळंत झाली, तीन दिवसांनी कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली, पोटात टॉवेल राहिला आणि ती गेली. घरच्यांनी दिवाणी दावा लावला. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये राज्य सरकारला जबाबदार धरून ३६,००० रुपयांचा हुकूमनामा पूर्ववत केला. तेहतीस वर्षं. आकडा वाचून गळा दाटतो, पण त्या घराने धरून ठेवलं म्हणून पुढच्या सगळ्यांसाठी वाट मोकळी झाली.

आणि ग्राहक आयोग. आम्ही इथे गेलो. २०१९ च्या कायद्यात अधिकारक्षेत्र तुम्ही किती भरपाई मागता यावर ठरत नाही, सेवेसाठी किती पैसे मोजलेत यावर ठरतं. मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. आमचं बिल एकूण २८,०००, त्यामुळे भरपाई कोटीत मागितली तरी जिल्ह्यातच, आणि पाच लाखांपर्यंतच्या बिलाला शुल्क शून्य. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, म्हणून ती बहिणीच्या सासरच्या जिल्ह्यात दाखल झाली, दवाखान्याच्या नाही. तक्रारदार दोघं: मुलगा, अज्ञान, पालनकर्ती आई, आणि आई स्वतः. मुलाच्या इजेसाठी मूल आणि आईबाप दोघंही भरपाई मागू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये मान्य केलं आहे. डॉक्टरांचा व्यावसायिक विमा असतो, त्या विमा कंपनीलाही पक्षकार केलं.

वकिलाच्या फीचा प्रश्न अडवत असेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या कायद्याने स्त्रिया, मुलं आणि अपंग व्यक्तींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. आई आणि बाळ दोघंही त्यात बसतात.

७२१ वा दिवस

ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षं. ७३१ दिवसांतले दहा शिल्लक असताना तक्रार दाखल झाली. मत मिळवण्यात वेळ गेला, पण खरं म्हणजे बहिणीला त्या रात्रीबद्दल बोलताच येत नव्हतं आणि तिला घाई करायला आमचा जीव होत नव्हता. मुदत हे सगळं बघत नाही. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, पण त्या भरवशावर कुणी राहू नये. गोव्यातल्या एका परिचारिकेची १९९३ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली, पोटात राहिलेला बोळा २००२ मध्ये निघाला, तक्रार २००४ मध्ये. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ती मुदतबाह्य ठरवली. इतकी वर्षं पोट दुखत होतं, तर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे तुम्ही परत का गेला नाहीत, असं विचारून.

भरपाईचा हिशेब करायला मला चार रविवार लागले. फिजिओथेरपी, स्प्लिंट, झटक्यांची औषधं, विशेष खुर्ची, बहिणीने सोडलेली शिक्षिकेची नोकरी, आणि आम्ही सगळे गेल्यावर त्याला सांभाळणाऱ्या माणसाचा पगार. चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात १९९६ मध्ये अपुऱ्या दिवसांची, १,२५० ग्रॅमची मुलगी जन्मली. तिच्या डोळ्यांचा पडदा वेळेत तपासला गेला नाही आणि दृष्टी गेली. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे १ कोटी ८० लाख रुपये देताना पुढच्या वर्षांची महागाईही धरली. आमच्या वकिलांनी तोच निकाल जोडला. दवाखान्याची प्रत्येक पावती, रिक्षाच्या भाड्यासकट, वहीत चिकटवून ठेवा.

खटल्याची वाट बघत मुलाचं काही थांबवू नका. अपंगत्वाचं युडीआयडी कार्ड काढलं, राष्ट्रीय न्यासाचा निरामय विमा घेतला, वर्षाला एक लाखापर्यंतचा. सिव्हिल हॉस्पिटलमधल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात आठवड्यातून दोनदा नेतो. हल्ली तो आधार देऊन बसतो. आईचा आवाज आला की मान त्या बाजूला वळवतो.

सुनावणी

दवाखान्याने आपलं म्हणणं चव्वेचाळिसाव्या दिवशी मांडलं. पंचेचाळीस दिवसांनंतर ते घेतलंच जात नाही. त्यात बाळात जन्मजात दोष असावा, नाळेचा वेढा असावा असं होतं, आणि पार्टोग्राफवर पहाटेपर्यंत ठोके अगदी व्यवस्थित असल्याचं होतं. १३८, १४०, १३८, १४२, १४०.

आयोगाच्या सदस्य बाईंनी फोटोची छापील प्रत आणि दवाखान्याची प्रत शेजारी ठेवून चष्मा काढला, पुन्हा लावला. समोरच्या वकिलांना विचारलं, ही नोंद कुणी आणि कधी केली याचं शपथपत्र द्याल का? त्यांनी मुदत मागितली. ती मिळाली.

आम्हालाही एक शपथपत्र द्यायचं होतं, बहिणीचं. १.१० ते ३.५० मध्ये आत काय झालं हे तिच्याशिवाय कुणी सांगू शकत नव्हतं. वकील म्हणाले, ताई, तुमच्या शब्दांत लिहा, मी कायद्याचं नंतर बघतो. दोन वर्षं ती त्या खोलीबद्दल एक अक्षर बोलली नव्हती. त्या रात्री मुलाला झोपवून ती स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसली आणि भाच्याच्या फिजिओच्या वहीतली पानं फाडून लिहायला लागली. मी दारात उभा होतो. पहिलं वाक्य मला वरूनच वाचता आलं.

"१.१० नंतर थोड्या वेळाने मी सिस्टरला म्हणाले, कळ जात नाहीये, पोट सैलच पडत नाहीये, तुम्ही एकदा हात लावून बघा."